काम सोपवलं, पण सुटलं नाही

अर्धविराम | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

आठ महिन्यांपूर्वी मला टीम लीड केलं. हाताखाली (शब्द आवडत नाही, पण दुसरा सुचत नाहीये) सात जण आहेत. आधी मी त्याच टीममध्ये होतो, काम बरं करायचो, म्हणून बढती मिळाली. आता माझं स्वतःचं काम संध्याकाळी सातला सुरू होतं. दिवसभर मी दुसऱ्यांच्या कामात असतो. याचा रिपोर्ट तपास, तिच्या मेलचा मसुदा सुधार, कुणीतरी येऊन "सर, एक मिनिट" म्हणतं आणि अर्धा तास जातो. आज सहज मोजलं तर चार जणांची कामं माझ्या होकारासाठी अडकून पडली होती. त्यातले दोघं चक्क मोबाइल बघत बसले होते आणि मी जेवायचं विसरलो होतो.

जो तो सांगतो, "डेलिगेट कर." करतो की! ऐका.

दर महिन्याला क्लायंटला एक रिपोर्ट जातो. तीन महिन्यांपूर्वी तो एका सहकारी मुलीकडे दिला. हुशार आहे, दोन वर्षांचा अनुभव आहे. तिने वेळेत करून दिला, आकडेही बरोबर होते. पण मी आधी तक्ते देतो आणि शेवटी निष्कर्ष, तिने उलट केलं होतं. मी रात्री बसून अख्खा रिपोर्ट माझ्या पद्धतीने लिहून काढला आणि पाठवला. तिला काही बोललो नाही, उगाच वाईट वाटायला नको म्हणून. पुढच्या महिन्यात तिच्याकडून आला तो कच्चा खर्डा. बेरजासुद्धा तपासलेल्या नव्हत्या. विचारलं तर अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्ही बदलणारच आहात ना, सर."

ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

"आपला हात जगन्नाथ" आणि "जो दुसऱ्यावरी विसंबला त्याचा कार्यभाग बुडाला" ऐकत वाढलेला माणूस मी. काम सोपवायचं म्हणजे नक्की काय करायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

नाव_सुचेना | मंगळवार, सकाळी ८:१५

अगदी अगदी. माझीच गोष्ट कुणीतरी लिहिल्यासारखी वाटली.

मला एका हिशेबाने शहाणपण आलं. आठवड्यातून एकदा करायचं एक काम होतं, मला २० मिनिटं लागायची. दुसऱ्याला शिकवायचे तर २ तास. म्हणून दर वेळी "मीच करतो पटकन". एक दिवस गुणाकार केला. ५२ आठवडे गुणिले २० मिनिटं म्हणजे वर्षाला १७ तासांहून जास्त. शिकवायचे २ तास आणि पुढचे सहा आठवडे पंधरा-पंधरा मिनिटं तपासायची धरली तरी साडेतीन तास. "पटकन" हा शब्द मला वर्षाला जवळजवळ १४ तासांना पडत होता.

अर्थात वर्षातून एकदाच येणारं काम असेल तर खुशाल स्वतः करावं. तिथे शिकवत बसण्यात अर्थ नाही.

---

खडूस_आजोबा | मंगळवार, सकाळी ९:०२

धागाकर्ते, राग मानू नका. तुम्ही त्या मुलीला काम दिलंच नव्हतं. तुमच्या रिपोर्टचं टायपिंग दिलं होतं.

काम दिलं असतं तर तक्ते आधी की निष्कर्ष आधी, हे ठरवायचा हक्क कामासोबत गेला असता. तो तुम्ही खिशात ठेवलात, आणि वर तिला सांगितलंही नाहीत की तो खिशात आहे. तिने दुसऱ्या महिन्यात बेरजा तपासल्या नाहीत यात आळस कमी आणि हिशेब जास्त होता. जे फेकलं जाणार आहे त्याला इस्त्री कोण करतो?

३४ वर्षं नोकरी झाली, त्यातली २१ माणसं सांभाळण्यात गेली. एक घरचा अभ्यास देतो. कागद घ्या, सातही जणांची नावं लिहा. प्रत्येक नावापुढे लिहा, हा माणूस मला न विचारता कोणता निर्णय घेऊ शकतो. ज्याच्यापुढची जागा कोरी राहील त्याला तुम्ही अजून काही सोपवलेलं नाही, मग तो कामाखाली कितीही वाकलेला असो.

करा आणि इथे येऊन खरं सांगा.

---

निमूट | मंगळवार, सकाळी ९:३०

वाचतेय. आजोबा फॉर्मात आहेत.

---

अर्धविराम | मंगळवार, दुपारी १:२०

केला अभ्यास. सातपैकी पाच जागा कोऱ्या. सहावीपुढे लिहिलंय "स्टेशनरी मागवणे".

सातव्याबद्दल विचार केला तेव्हा लक्षात आलं की तो निर्णय घेतो कारण त्याचं काम मला येत नाही. डेटाबेस त्याचा विषय आहे. म्हणजे जिथे मला ज्ञान नाही तिथेच माझा विश्वास आहे. हसावं की रडावं?

---

वॉर्डातली_ताई | मंगळवार, दुपारी ३:४५

मी नर्सिंगमध्ये आहे. आमच्याकडे काम सोपवणं हा शिकवायचा विषय असतो, कारण गफलत झाली तर रिपोर्ट नाही, माणूस जातो. पाच गोष्टी बरोबर आहेत का बघायला शिकवतात. काम सोपवण्याजोगं आहे का, आत्ताच्या परिस्थितीत सोपवण्याजोगं आहे का, ज्याला देतेय त्याला ते जमतं का, नीट सांगितलं का, आणि नंतर लक्ष कोण ठेवणार.

लोक दुसरी गोष्ट गाळतात. बीपी मोजणं मदतनिसाला उत्तम येतं. उद्या घरी जाणाऱ्या पेशंटचं बीपी त्याने मोजावं, मी तिथे फिरकणारही नाही. पण ऑपरेशन थिएटरमधून आत्ताच बाहेर आलेल्या पेशंटचं बीपी? यंत्र तेच, हात तोच, काम मात्र वेगळं झालं. तिथे मीच उभी राहते. तेव्हा "याला हे काम येतं" एवढ्यावर थांबू नका. ऑफिसातही रोजचा मेल लिहिणं आणि चिडलेल्या माणसाला मेल लिहिणं यात हाच फरक असणार.

आणि सांगण्याबद्दल. "जरा लक्ष ठेव हं" असं कुणी म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. लक्ष ठेव म्हणजे काय करू? आम्ही असं सांगतो: "दर अर्ध्या तासाने नाडी आणि बीपी बघ, चार्टवर लिही. वरचा आकडा ९० च्या खाली गेला तर लिहीत बसू नकोस, आधी मला हाक मार." यात काय करायचं ते आहे, किती वेळाने ते आहे, आणि कुठे पोचल्यावर ते काम पुन्हा माझं होतं तेही आहे. मग ऐकणाऱ्याने ते आपल्या तोंडाने परत म्हणायचं. नव्या मुलींना हे बालिश वाटतं. पण मी "दर तासाने" समजून गेलेली माणसं पाहिली आहेत, आणि सांगणारी शपथेवर म्हणत होती की तिने अर्धा तासच सांगितला.

एक शेवटचं. पेशंटची स्थिती जोखून पुढे काय करायचं ते ठरवणं आम्ही मदतनिसाला देत नाही. आणि जे देतो त्याचंही उत्तर द्यायला मीच असते. हातातलं काम जातं, नाव माझंच राहतं.

---

खडूस_आजोबा | मंगळवार, दुपारी ४:१०

ताई, नमस्कार घ्या. "कुठे पोचल्यावर ते काम पुन्हा माझं होतं". एवढं वाक्य मला तिशीत कुणी सांगितलं असतं तर दोन चांगली माणसं माझ्याकडून सोडून गेली नसती.

---

ज्युनिअर_क्रमांक_४ | मंगळवार, रात्री ९:५०

इथे सगळे देणारे बोलतायत. घेणाऱ्यांतर्फे मी बोलते.

आमच्याकडे डेलिगेशन म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सहाला येणारा मेल. "प्लीज टेक धिस फॉरवर्ड." खाली सतरा मेलची शेपटी. कशासाठी, कुणाला हवंय, कधीपर्यंत, आधी काय काय करून झालंय, काही नाही. साहेबांच्या दृष्टीने काम सोपवून झालं. याला आमच्या भाषेत गळ्यात मारणं म्हणतात.

आणि वाटणी कशी होते तेही बघा. मिनिट्स लिहायचे, एक्सेल शीट जुळवायची, सगळ्यांच्या मागे लागून फॉर्म भरून घ्यायचे, ही कामं "तुला शिकायला मिळेल" म्हणून माझ्याकडे. प्रेझेंटेशन मी बनवायचं, वरच्या मीटिंगमध्ये दाखवायचं त्यांनी. मला काय शिकायला मिळालं? फाँट बदलायला.

सगळ्यात वाईट अनुभव वेगळाच आहे. एक प्रोजेक्ट खरंच माझ्याकडे दिला होता, तोंडी. मी दुसऱ्या विभागाकडे माहिती मागायला गेले तर ते म्हणाले, "तुम्ही कोण? तुमच्या साहेबांचा मेल येऊ दे." साहेबांना सांगितलं तर "अरे हो, टाकतो मेल." अकरा दिवस तो मेल आला नाही. बाराव्या दिवशी मीटिंगमध्ये मला विचारलं, "हे अजून का झालं नाही?"

धागाकर्ते, काम देताना ज्यांच्याशी त्या माणसाचा संबंध येणार आहे त्या सगळ्यांना सांगा की आता हे काम हिचं. तुमच्या तोंडून. त्याच दिवशी.

---

नाव_सुचेना | मंगळवार, रात्री १०:२०

+१००. ही बाजू आलीच पाहिजे होती.

धागाकर्त्यांच्या "सर, एक मिनिट"बद्दल थोडं. १९७४ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वॉस यांचा एक लेख आला होता, मॅनेजर मंडळींत तो अजून सांगितला जातो. त्यात प्रत्येक कामाची "पुढची हालचाल" म्हणजे एक माकड. कनिष्ठ माणूस वाटेत गाठून म्हणतो, एक अडचण आलीय. मॅनेजर म्हणतो, बरं, विचार करून सांगतो. झालं. माकडाने उडी मारली. आतापर्यंत ते त्याच्या पाठीवर होतं, आता तुमच्या. आणि दोन दिवसांनी तोच येऊन विचारणार, "सर, त्याचं काय झालं?" म्हणजे आता तो तुमच्यावर देखरेख करतोय!

मी तेव्हापासून "बघतो", "सांगतो", "पाठवून ठेव" हे तीन शब्दप्रयोग सोडायचा प्रयत्न करतोय. त्याऐवजी विचारतो, "तुला काय करावंसं वाटतं?" पहिले पंधरा दिवस लोकांना वाटलं मी टाळतोय. एकाने तसं तोंडावर सांगितलंही. आता निम्मे लोक उत्तर घेऊनच येतात, आणि काही येतच नाहीत, कारण उत्तर सापडल्यावर यायचं कारण उरत नाही.

---

अर्धविराम | बुधवार, सकाळी ७:५५

ज्युनिअर_क्रमांक_४, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. शुक्रवारी संध्याकाळचे मेल मीही पाठवलेत. सहाला नाही, साडेसहाला.

---

खडूस_आजोबा | बुधवार, सकाळी १०:३०

"तुला काय करावंसं वाटतं"च्या पुढची पायरी सांगतो.

अमेरिकन नौदलात डेव्हिड मार्के नावाचे कॅप्टन होते. एका पाणबुडीसाठी त्यांनी वर्षभर तयारी केली आणि ऐनवेळी, १९९९ मध्ये, त्यांना दिली भलतीच, सांता फे नावाची अणुपाणबुडी. तिची यंत्रणा त्यांना नीट ठाऊक नव्हती. एका सरावात अणुभट्टी बंद पडल्याचं नाटक चालू होतं आणि पाणबुडी छोट्या विजेच्या मोटारीवर चालली होती. त्यांनी वेग वाढवायला सांगितलं, दोन-तृतीयांश. अधिकाऱ्याने हुकूम जसाच्या तसा पुढे दिला. सुकाणूवरचा माणूस गप्प. कारण या पाणबुडीच्या त्या मोटारीला तसा वेगच नव्हता. अधिकाऱ्याला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाला, हो. मग हुकूम का दिलास? "तुम्ही सांगितलं म्हणून."

धागाकर्ते, "तुम्ही बदलणारच आहात ना" आणि "तुम्ही सांगितलं म्हणून", दोन्ही वाक्यं सख्खी भावंडं आहेत.

मार्केंनी त्यानंतर हुकूम देणंच बंद केलं. अधिकाऱ्याने परवानगी मागायची नाही. "मी अमुक करणार आहे" असं सांगायचं आणि का ते सांगायचं. कॅप्टन बहुतेक वेळा एवढंच म्हणायचा, ठीक. दिसायला शब्दांचा फेर आहे. पण "करू का?" विचारणाऱ्याचं डोकं विचारल्याबरोबर मोकळं होतं. "करणार आहे" म्हणणाऱ्याला आधी विचार करावा लागतो.

---

तिरकस | बुधवार, दुपारी १२:०५

पाणबुडीतली माणसं काटेकोर प्रशिक्षण घेऊन आलेली असतात हो. माझ्याकडे तीन जण नवखे आहेत. त्यांनी "मी हे डिलीट करणार आहे" असं म्हटलं तर मी "ठीक" म्हणू? हलके घ्या, पण प्रश्न खरा आहे.

आणि दुसरं टोक कुणी सांगत नाहीये. माझा आधीचा बॉस डेलिगेशनचा महामेरू होता. सगळं दिलेलं. स्वतः काय करायचा हे शेवटपर्यंत कळलं नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि एखादी खड्ड्यात पडली की वरच्यांना सांगायचं, "मी तर ते त्याच्याकडे दिलं होतं." असल्या माणसापेक्षा रात्री बसून रिपोर्ट लिहिणारा लीड मला शंभर पटीने बरा वाटतो. निदान तो जागा तरी असतो.

---

खडूस_आजोबा | बुधवार, दुपारी १२:४०

नवख्यांच्या बाबतीत बरोबर आहे तुमचं. मार्केंनीही आधी माणसांच्या तयारीवर मेहनत घेतली, नुसते शब्द बदलले नाहीत. नवख्याला "बघून ये आणि मला सांग" इथून सुरुवात. मग "काय करावं ते सुचव". मग "करणार आहे ते सांग". मग "कर आणि नंतर सांग". शेवटी "कर, महिन्याच्या मीटिंगमध्ये कळेलच". एकाच माणसाला एका कामात शेवटची पायरी आणि दुसऱ्या कामात पहिली, असंही चालतं. फक्त तो आज कुठल्या पायरीवर आहे हे दोघांनाही ठाऊक हवं. निम्मी भांडणं इथेच असतात. साहेब पहिल्या पायरीवर, माणूस चौथ्या.

---

मोहरीएवढा | बुधवार, संध्याकाळी ६:१५

तिरकस, तुमच्या त्या बॉसवरून एसएलव्ही-३ रॉकेट आठवलं. गोष्ट फॉरवर्डमध्ये इतकी फिरलीय की चोथा झालाय, पण तिचा एक भाग फॉरवर्डवाले गाळतात.

१० ऑगस्ट १९७९. पहिलं उड्डाण. प्रकल्पाचे प्रमुख कलाम, इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन. उड्डाणाच्या आधी संगणकाने काउंटडाउन थांबवलं होतं. तज्ज्ञांनी कलामांना सांगितलं, काळजी नाही, पुढे जा. कलामांनी संगणकाला बाजूला सारून उड्डाणाचा निर्णय घेतला. रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं. हे सगळं कलामांनीच पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितलंय. पत्रकार परिषदेत धवन स्वतः पुढे झाले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी घेतली. १८ जुलै १९८० ला रोहिणी उपग्रह कक्षेत गेला तेव्हा मात्र त्यांनी कलामांना सांगितलं, पत्रकार परिषद आज तुम्ही घ्या.

फॉरवर्डमध्ये धवनांचा मोठेपणा येतो, आणि तो होताच. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते असं की १९७९ चा फसलेला निर्णय कलामांचा होता, आणि तरी पुढच्या उड्डाणाला प्रमुख कलामच होते. काम काढून घेतलं नाही. पत्रकारांसमोर उभं राहणं एका दिवसाचं असतं. पुढचं वर्षभर त्याच माणसाच्या हातात काम राहू देणं, तेही तो एकदा चुकल्यावर, याला छाती लागते.

---

निमूट | बुधवार, संध्याकाळी ६:४०

हा भाग खरंच कधी लक्षात आला नव्हता.

---

अर्धविराम | बुधवार, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. आता नेमका प्रश्न विचारतो. काम दिलं, निर्णयही दिला. मग मी तपासायचं कधी? रोज विचारलं तर मानेवर बसल्यासारखं होतं. नाही विचारलं तर शेवटच्या दिवशी भलतंच काहीतरी समोर येतं, आणि मग मी पुन्हा रात्री बसतो.

---

पहिला_पीस | गुरुवार, सकाळी ६:३०

शिफ्टला जायच्या आधी लिहितोय, त्रोटक असेल.

मी मशिन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. आमच्याकडे ५०० नगांचा लॉट असेल तर ऑपरेटर सेटिंग करतो, पहिला पीस काढतो आणि तपासायला देतो. तो पास झाल्याशिवाय दुसरा पीस निघत नाही. पास झाला की मी बाजूला. मग ठरलेल्या अंतराने एखादा पीस मोजायचा, तोही ऑपरेटरनेच, आणि कागदावर मांडायचा. माप मर्यादेकडे सरकायला लागलं की त्यालाच आधी दिसतं. ४९९ पीस झाल्यावर जो तपासायला येतो त्याला सुपरवायझर म्हणत नाहीत, भंगारवाला म्हणतात.

तुमच्या रिपोर्टचा पहिला पीस मागा. म्हणजे अर्धा रिपोर्ट नव्हे. एक पान, एक तक्ता, मथळ्यांची यादी. काम सुरू झाल्यावर लगेच, आणि कधी मागणार ते काम देतानाच सांगून ठेवा. सांगून ठेवलेली तपासणी कुणाला टोचत नाही. अचानक खांद्यावरून डोकावणं टोचतं.

आणखी एक. टोयोटाच्या कारखान्यात कामगाराला गडबड दिसली की तो दोरी ओढतो, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. पण ओढल्याबरोबर लाइन थांबते असं नाही. आधी दिवा लागतो, आवाज होतो, टीम लीडर धावत येतो. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोचेस्तोवर सुटलं तर लाइन थांबतही नाही. म्हणजे दोरी ही मदतीची हाक असते. आता विचार करा, तुमच्या टीममधल्या माणसाने "मी अडकलोय" म्हटलं तर तुमचा चेहरा कसा होतो? दोरी ओढल्यावर शिव्या मिळत असतील तर महिन्याभरात कुणी हात लावणार नाही.

निघतो. बस आली.

---

तिरकस | गुरुवार, सकाळी ९:१०

भंगारवाला!! हा शब्द मी आजच्या मीटिंगमध्ये वापरणार आहे. (नोकरी राहिली तर कळवतो.)

---

खिडकीची_सीट | गुरुवार, सकाळी ११:२५

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. दोन पायलट एकमेकांकडे विमान सोपवतात तेव्हा एक म्हणतो, "यू हॅव कंट्रोल." दुसरा म्हणतो, "आय हॅव कंट्रोल." बऱ्याच ठिकाणी पहिला पुन्हा एकदा "यू हॅव कंट्रोल" म्हणून पक्कं करतो. एवढ्या खटाटोपाचं कारण सोपं आहे. दोघांनाही वाटलं की दुसरा उडवतोय, तर कुणीच उडवत नसतं. आणि दोघंही उडवत असतील तर तेही तितकंच वाईट.

रात्री बसून गुपचूप रिपोर्ट बदलणं म्हणजे कंट्रोल दिल्याचं सांगून दांडी न सोडणं, असं मला वाटलं.

---

ज्युनिअर_क्रमांक_४ | गुरुवार, दुपारी २:००

शेवटच्या वाक्याला टाळ्या.

धागाकर्ते, अजून एक सुचवू? काम कुणाला द्यायचं ते ठरवताना "कोण पटकन करेल" एवढंच बघू नका. त्याने काय होतं, टीममधल्या सगळ्यात चांगल्या माणसावर सगळं येऊन पडतं आणि बाकीचे आहेत तिथेच राहतात. आमच्या इथे अशी एक होती. तिच्या राजीनाम्यानंतर कळलं की नऊ कामं फक्त तिलाच येत होती.

---

अर्धविराम | गुरुवार, रात्री ९:३०

आणि अजिबात द्यायचं नाही असं काय? ताईंनी त्यांच्याकडचं सांगितलं. आमच्यासारख्या ऑफिसात?

---

खडूस_आजोबा | गुरुवार, रात्री ९:५५

माणसांचे प्रश्न. कुणाची कानउघाडणी करायची असेल, अप्रेझलचं बोलायचं असेल, दोघांचं फाटलं असेल, वाईट बातमी द्यायची असेल, तर ती दुसऱ्याच्या तोंडून जाऊ देऊ नका. आणि दोन कामं एकाच दिवशी अंगावर आली तर कुठलं आधी, हे शेवटी तुम्हीच सांगायचं. त्या मुलीची माफीही तुम्हालाच मागायची आहे. ती डेलिगेट होत नाही.

---

अर्धविराम | पाच आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ४:२०

धागा वर काढतोय. काय झालं ते सांगायचं कबूल केलं नव्हतं, पण न सांगणं बरं दिसणार नाही.

माफी मागितली. अवघड गेलं. मी म्हटलं, पहिल्या महिन्यातला तुझा रिपोर्ट चांगला होता, मी तो माझ्या सवयीपायी बदलला आणि तुला सांगितलंही नाही. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "म्हणजे या महिन्यात निष्कर्ष वर ठेवले तर चालतील?" मी म्हटलं, तो निर्णय तुझा. मला फक्त तीन गोष्टी हव्यात. आकडे मूळ नोंदींशी जुळलेले असावेत, पाच तारखेच्या आत जावा, आणि क्लायंटच्या खर्चात मोठी वाढ दिसली तर पाठवायच्या आधी मला फोन कर. क्लायंटलाही त्याच दिवशी कळवलं की यापुढे रिपोर्टबद्दल तिच्याशी बोला. पहिला पीस म्हणून दोन तारखेला मथळे आणि एक तक्ता मागितला होता. तो बघितला, एक प्रश्न विचारला, गप्प बसलो. गप्प बसणं हे त्या आठवड्यातलं सगळ्यात कष्टाचं काम होतं.

रिपोर्ट गेला. आणि त्यात चूक निघाली. एका तक्त्यात मागच्या महिन्याचा कॉलम तसाच राहिला होता. क्लायंटचा फोन आला तो मला. माझी पहिली इच्छा काय झाली असेल ते तुम्हाला माहीत आहे. फाइल उघडलीसुद्धा होती. मग मोहरीएवढा यांची गोष्ट आठवली. क्लायंटला सांगितलं, चूक आमची आहे, दुरुस्त प्रत आज मिळेल. आणि दुरुस्तीचं काम तिच्याकडेच ठेवलं. तिने तासाभरात पाठवली, सोबत एक ओळ: पुढच्या वेळी तारखेचा कॉलम आपोआप बदलेल अशी शीट करणार आहे. "करू का?" असं लिहिलं नव्हतं. आजोबा, तुम्हाला कळावं म्हणून सांगतोय.

बाकी सगळं काही गोड नाही. एका सहकाऱ्याला निर्णय दिला तर त्याने चक्क नको म्हटलं. "चुकलं तर माझ्यावर येईल, तुम्हीच सांगा." त्याच्याशी अजून बोलणं चाललंय. आधीच्या कुठल्या तरी साहेबाने त्याला चांगलाच पोळलेला दिसतो. "सर, एक मिनिट" कमी झालंय, पण दुपारनंतर अजून रांग असते. आणि त्या नावांच्या कागदावर आता दोन जागा कोऱ्या आहेत.

---

वॉर्डातली_ताई | रविवार, संध्याकाळी ५:१०

फार छान. जो नको म्हणतोय त्याला लहान, उलटवता येईल असा निर्णय द्या आधी. चुकला तरी दुसऱ्या दिवशी सुधारता येईल असा. आणि चुकलाच तर तुमचा चेहरा तो बघणार आहे, एवढं लक्षात ठेवा.

---

खडूस_आजोबा | रविवार, संध्याकाळी ५:४५

कळलं. पोचलं. पुढच्या महिन्याचा रिपोर्ट कोण करणार?

---

अर्धविराम | रविवार, संध्याकाळी ६:३०

तीच. पण पाच तारखेला ती रजेवर आहे, म्हणून टीममधल्या नव्या मुलाला शिकवतेय. परवा मी त्यांच्या मागून जात होतो. तो एक तक्ता जुळवत बसला होता, चाचपडत. ही दोन मिनिटं बघत राहिली आणि मग कीबोर्ड आपल्याकडे ओढून म्हणाली, "तू राहू दे, मीच करते पटकन."